संगणकाला विचारायचे काय?

वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये वाहतुकीला खुला झाला, पणजीजवळ मांडवीवरचा अटल सेतू २०१९ मध्ये, आणि झुआरीवरच्या नव्या पुलाचा पहिला टप्पा २०२२ च्या डिसेंबरात. या तिन्ही पुलांच्या मुख्य गाळ्यांचा भार तिरप्या केबलींनी पेलला आहे. पाहणाऱ्याला त्या केबली देखण्या वाटतात, पण अभियंत्याच्या मनात त्यांच्याबद्दल धाकधूकही असते. केबल लांब, तिच्या लांबीच्या मानाने सडपातळ, आणि एकदा हलायला लागली की ते हलणे स्वतःत जिरवण्याची तिची ताकद फारच थोडी. आता समजा, पुलाची रस्त्याची पाटी वर-खाली थरथरते आहे आणि केबलचे खालचे टोक तिच्यासोबत ओढले जाते आहे. केबलला आडवा धक्का कोणीच दिलेला नाही, ती फक्त लांबीच्या दिशेने ताणली आणि सैल सोडली जाते आहे. तरीही, पाटीची वारंवारता केबलच्या स्वाभाविक वारंवारतेच्या दुप्पट असेल आणि ओढ पुरेशी जोरदार असेल, तर केबल आडवी झुलू लागते. झोपाळ्यावर उभे राहिलेले मूल एका हेलकाव्यात दोनदा उठबस करून झोका चढवते, त्यामागचे गणितही हेच.

महाविद्यालयात शिकवला जाणारा अनुनादाचा नियम सांगतो की बाहेरची वारंवारता आणि स्वाभाविक वारंवारता जुळल्या की धोका. तो नियम खरा आहे, पण या दुप्पट वारंवारतेच्या धोक्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. शिवाय झोका चढत गेला तर थांबणार कुठे, याचे उत्तर तर साध्या सिद्धांताकडे नाहीच. त्याच्या हिशेबाने कंपन वाढतच जाते. प्रत्यक्षात केबल जास्त झुलली की जास्त ताणली जाते, ताणली की तिची स्वतःची वारंवारता बदलते, मग पाटीशी जमलेला ठेका चुकतो आणि वाढ थांबते. ‘दुप्पट वारंवारता तपासा’ आणि ‘वाढ कुठे थांबते ते तपासा’ या दोन्ही सूचना अभियंत्याला सॉफ्टवेअरने दिलेल्या नाहीत. त्या कागद-पेन्सिलीच्या एका जुन्या रीतीतून आल्या आहेत. इंग्रजी नावाने तिला पर्टर्बेशन मेथड म्हणतात, मराठीत विक्षोभ पद्धती. हिशेब करायला संगणक आल्यावर या रीतीची गरज संपली, असे आता अनेकांना वाटते. माझे म्हणणे नेमके उलट आहे. संगणक जितका स्वस्त आणि वेगवान होईल, तितकी त्याला काय विचारायचे हे सांगणाऱ्या या पद्धतीची गरज वाढेल, आणि म्हणून अभियांत्रिकीच्या वर्गातून तिला बाहेर काढणे परवडणारे नाही.

पद्धतीचे मर्म अवघड नाही. समोरचा प्रश्न सुटत नसेल तर त्याच्या जवळपासचा, सुटणारा प्रश्न शोधायचा. दोघांतला फरक एका लहान संख्येत पकडायचा आणि त्या संख्येच्या आधारे सोप्या उत्तरात एकेक दुरुस्ती करत जायचे. ग्रहगणिताने ही रीत आधी घासूनपुसून घेतली. सूर्याभोवती एकटा ग्रह फिरतो हा सुटणारा प्रश्न, आणि इतर ग्रहांची ओढ ही लहानशी दुरुस्ती. युरेनसच्या मार्गातील विसंगतीवरून ल व्हेरिएने असाच हिशेब मांडला आणि १८४६ च्या सप्टेंबरात बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना नेपच्यून त्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. जमिनीवरचे उदाहरण घ्यायचे तर लंबकाचे. लंबकाचा झोका मोठा असो वा लहान, वेळ तेवढाच लागतो, असे शाळेत शिकवतात. ते पूर्ण खरे नाही. पहिली दुरुस्ती सांगते की झोक्याचा कोन रेडियनमध्ये मोजून त्याचा वर्ग करा आणि सोळाने भागा. जो अपूर्णांक मिळेल, तितक्या प्रमाणात वेळ वाढतो. कोन १० अंशांचा असेल तर वाढ हजारात जेमतेम दोन. पण अगदी लहान झोक्यावर लावलेले घड्याळ १० अंशांच्या झोक्यावर चालवले तर दिवसाला सुमारे २ मिनिटे ४४ सेकंद मागे पडेल. कोन निम्मा केला की चूक पावपट, म्हणजे ४१ सेकंद. लंबकाची लांबी, वजन, गुरुत्वाकर्षण यांपैकी काहीही बदलले तरी हे प्रमाण तेच राहते. संगणक हजार लंबकांचे हजार तक्ते काढून देईल. त्या सगळ्यांच्या मुळाशी कोनाचा वर्ग आहे, हे मात्र या एका ओळीतून कळते.

अर्थात ही रीत डोळे मिटून वापरली की फसवते, आणि तिचा इतिहास म्हणजे त्या फसवणुकीतून शिकण्याचा इतिहास आहे. दुरुस्त्या सरळसोट जोडत गेले की उत्तरात काळाबरोबर वाढत जाणारी पदे घुसतात. मग ज्या लंबकाला कोणी ढकलत नाही त्याचा झोका कागदावर वाढतच जातो. लिंडस्टेड यांनी १८८२ च्या सुमारास आणि पुढे प्वाँकारे यांनी यावर इलाज काढला: नुसत्या हालचालीत दुरुस्ती करून भागणार नाही, वारंवारतेतही करा. विसाव्या शतकात त्याला आणखी पैलू पडले. एकाच कंपनात दोन घटना चाललेल्या असतात. एक जलद, म्हणजे प्रत्यक्ष हेलकावा, आणि दुसरी संथ, म्हणजे त्या हेलकाव्याचे हळूहळू वाढणे किंवा ओसरणे. दोन्ही वेगवेगळ्या कालमापांवर मोजल्या की गुंता सुटतो. ही बहुकालमापी पद्धत बीम, केबल आणि प्लेट यांना पद्धतशीरपणे लावण्यात अली नायफे यांचे नाव आघाडीवर आहे. पॅलेस्टाइनमध्ये १९३३ साली जन्मलेल्या आणि अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात घडत-घडवत राहिलेल्या या अभियंत्याने डीन मूक यांच्यासोबत १९७९ मध्ये अरेषीय, म्हणजे कारण आणि परिणाम सरळ प्रमाणात नसलेल्या, दोलनांवर लिहिलेला ग्रंथ आजही संशोधकांच्या टेबलावर असतो.

या पद्धतीतून हाती काय लागते ते पाहा. दोन्ही टोके पक्की धरलेला बीम वाकला की त्याची लांबी किंचित वाढावी लागते, त्यामुळे त्यात ताण येतो. झोका जितका मोठा तितका बीम ताठ आणि त्याची वारंवारता चढी. झोळ पडलेल्या केबलचे तसे नाही. तिचे खाली जाणे आणि वर येणे सारखे नसते. म्हणून झोळ पुरेसा असेल तर झोका वाढल्यावर तिची वारंवारता आधी उतरते, आणि घट्ट ताणलेली असेल तर चढते. प्लेटमध्ये ताण दोन्ही दिशांना पसरतो. तिची समीकरणे फोन कार्मान यांनी १९१० मध्येच मांडली होती. या सगळ्यांत समान असणारी आणि सर्वांत धडा देणारी गोष्ट जर्मन अभियंता गेऑर्ग डफिंग यांच्या १९१८ च्या पुस्तकापासून चर्चेत आहे. झोक्यागणिक ताठ होत जाणाऱ्या रचनेला हलवणाऱ्या यंत्राचा वेग हळूहळू वाढवत नेला तर कंपन वाढत जाते आणि एका जागी अचानक कोसळून लहान होते. तोच वेग उतरवत आणला तर कंपन तितक्याच अचानक उसळते, पण वेगळ्या जागी. या दोन जागांमधल्या पट्ट्यात एकाच वेगाला दोन टिकाऊ उत्तरे आहेत, एक लहान कंपनाचे आणि एक मोठ्या. रचना कोणत्या उत्तरावर बसेल हे ती तिथवर कुठून आली यावर ठरते. आता सॉफ्टवेअरमध्ये एक सुरुवातीची स्थिती भरून हिशेब चालवला तर त्यातून एकच उत्तर येणार. ते अचूक असेल, रंगीत चित्रांनी सजलेले असेल, आणि अर्धेच असेल. दुसरे उत्तर आहे हे आधीच माहीत असेल तरच कोणी ते शोधायला जाईल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. संगणक आता इतके ताकदवान आहेत की शेकडो सुरुवाती, हजारो वारंवारता भरून सगळेच तपासून घेता येईल, मग लहान संख्यांच्या कसरती कशाला? या आक्षेपाला इतिहासानेच एक उत्तर देऊन ठेवले आहे. लॉस अलामॉसमध्ये १९५० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात एन्रिको फर्मी, जॉन पास्टा आणि स्टॅनिस्लाव उलाम यांनी मॅनिॲक या संगणकावर स्प्रिंगांनी जोडलेल्या वस्तुमानांची साखळी हलवून पाहिली. आज्ञावलीचे काम मेरी त्सिंगू यांनी केले. स्प्रिंगा किंचित अरेषीय होत्या. अपेक्षा अशी की सुरुवातीला एकाच प्रकारच्या कंपनात भरलेली ऊर्जा हळूहळू सगळ्या प्रकारांत वाटली जाईल. घडले भलतेच. ऊर्जा मोजक्या काही प्रकारांत फिरली आणि जवळजवळ सगळी पुन्हा पहिल्यात परत आली. अहवाल १९५५ मध्ये तयार झाला, तेव्हा फर्मी हयात नव्हते. आकडे बरोबर होते, पण ते असे का आले याचा उलगडा व्हायला दहा वर्षे गेली. १९६५ मध्ये झाबुस्की आणि क्रुस्काल यांनी लांब लाटा आणि लहान अरेषीयता गृहीत धरून त्या साखळीचे एका साध्या समीकरणात रूपांतर केले, आणि त्या समीकरणावर पुन्हा संगणक चालवल्यावर आकार न मोडता एकमेकींतून पार होणाऱ्या एकाकी लाटा दिसल्या. म्हणजे संगणक दोन्ही वेळी होता. दुसऱ्या वेळी त्याला काय विचारायचे हे माहीत होते, एवढाच फरक. संगणक टाकून कागद घ्या, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण ‘सगळेच तपासू’ म्हणणाऱ्याने हेही मोजावे की पुलाच्या आराखड्यात केबलींची लांबी, ताण, झोळ, वारा, वाहतूक, तापमान अशी डझनभर बदलती मापे असतात. प्रत्येकाच्या फक्त दहा किमती घेतल्या तरी बेरजा नव्हे, गुणाकार करावे लागतात. त्या जंगलात कुठे पाहायचे ते दाखवणारी वाट लागतेच.

दुसरा आक्षेप अनुभवी अभियंत्यांचा असतो, आणि त्यात वजन आहे. ते म्हणतात, आमच्याकडे मानके आहेत, पिढ्यांचा अनुभव त्यांत गोळा झाला आहे. मानक पाळले की पुरे. बहुतेक वेळा पुरेही होते. पण मानकात कालपर्यंतचे प्रश्न असतात. लंडनचा मिलेनियम पादचारी पूल १० जून २००० रोजी उघडला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला, कारण गर्दी झाल्यावर तो आडवा हलू लागला. मधल्या गाळ्याचे हलणे सुमारे सात सेंटिमीटरपर्यंत गेले. तेव्हाची मानके पावलांच्या उभ्या धक्क्याचा विचार करत होती. माणूस चालताना प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार डावी-उजवीकडेही टाकतो, आणि पूल हलू लागला की तोल सावरण्यासाठी जास्तच टाकतो, हे त्यांत नव्हते. पुढच्या चाचण्यांत उत्तरेकडच्या गाळ्यावर चालणाऱ्यांची संख्या टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. १५६ जणांपर्यंत पूल शांत होता. संख्या १६६ झाली आणि हलणे एकदम भडकले. सहा टक्के माणसे वाढली म्हणून सहा टक्के हलणे वाढले, असे झाले नाही. उंबरठा ओलांडला गेला. तो उंबरठा गाळ्याचे वस्तुमान, वारंवारता आणि कंपन जिरवण्याची क्षमता यांच्या गुणाकारावर ठरतो, हे एका ओळीच्या सूत्रात बसते. त्या सूत्राच्या दिशेनेच पुलावर डॅम्पर बसवले गेले आणि तो २००२ च्या फेब्रुवारीत पुन्हा खुला झाला. विशेष म्हणजे जपानमधील एका पादचारी पुलावर गर्दीमुळे असेच आडवे हलणे होत असल्याचे फुजिनो आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्येच प्रसिद्ध केले होते. माहिती होती, मानकात नव्हती. नव्या प्रकारच्या रचनेपुढे मानक गप्प बसते तेव्हा अभियंत्याच्या हाती मूळ समीकरणे आणि ती वाचण्याची रीत एवढेच उरते.

तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार आहे. ही पद्धत लहान विक्षोभांची. पूल कोसळतात ते मोठ्या कंपनांनी. मग खऱ्या संकटात तिचा उपयोग काय? शिवाय प्वाँकारे यांनीच दाखवून दिले होते की अशा दुरुस्त्यांच्या मालिका पुष्कळदा एका उत्तराकडे जातच नाहीत, पदे वाढवत गेले की बिघडतात. दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण पहिली एकदोन पदे किती दूरपर्यंत साथ देतात हे तपासून पाहता येते, आणि निकाल बहुधा सुखद असतो. लंबक थेट आडवा होईपर्यंत, म्हणजे ९० अंशांपर्यंत ओढून सोडला, तरी वर सांगितलेल्या एका दुरुस्तीने येणारी चूक दोन टक्क्यांच्या आसपासच राहते. १२० अंशांना ती सात टक्क्यांवर जाते, आणि तिथे संगणकाला हाक मारावी. टॅकोमाचा झुलता पूल ७ नोव्हेंबर १९४० रोजी ताशी सुमारे ६५ किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून पडला, त्याच्या शेवटच्या तासाचे वर्णन ही पद्धत करू शकत नाही, हेही मान्य. पण सुरक्षिततेचा प्रश्न शेवटच्या तासाचा नसतोच. लहानशी थरथर ओसरायची थांबून वाढू कधी लागते, हा तो प्रश्न आहे, आणि त्या उंबरठ्यापाशी कंपन लहानच असते. तिथे ही पद्धत आपल्या घरात असते. टॅकोमाचीच गोष्ट पाहा. कितीतरी पाठ्यपुस्तकांनी त्या अपघाताला साध्या अनुनादाचे उदाहरण म्हणून दशकानुदशके मिरवले. बिल्लाह आणि स्कॅनलन यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले की वाऱ्याच्या भोवऱ्यांची वारंवारता सेकंदाला एकच्या आसपास येते, तर पुलाचे पिळणे पाच सेकंदांना एकदा होत होते. दोन्ही जुळतच नव्हत्या. पूल स्वतःच्या हालचालीनेच वाऱ्यातून ऊर्जा खेचत होता. एकच सूत्र हाती असले की प्रत्येक दुर्घटना त्याच सूत्रात कोंबली जाते, याचा याहून बोलका दाखला नाही.

हा विषय परदेशी प्रयोगशाळांचा, आपल्याकडे त्याची मुळे नाहीत, असाही एक सूर असतो. पण सी. व्ही. रामन कोलकात्यात अर्थखात्यात नोकरी करत फावल्या वेळात प्रयोग करायचे, त्या काळातले त्यांचे एक मोठे काम टिकून राहणाऱ्या कंपनांवरच होते आणि ते १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले. तारेच्या टोकाशी ताण कमी-जास्त करून तिला आडवे झुलवणे, म्हणजे सागरी सेतूच्या केबलचा जो प्रश्न वर मांडला तोच, त्यांच्या टेबलावर होता. पुढे १९२१ मध्ये त्यांनी तंबोऱ्याकडे मोर्चा वळवला. तार नेमकी मध्यावर छेडली तर ज्या स्वरांशांचा निश्चल बिंदू तिथे येतो, ते स्वरांश उमटू नयेत, असे रेषीय सिद्धांत सांगतो. तंबोऱ्यात ते उमटतात. कारण घोडीचा माथा धारदार नसून पसरट आणि किंचित गोलाकार आहे. प्रत्येक हेलकाव्यात तार त्या माथ्यावर टेकते आणि सुटते, तिची मोकळी लांबी बदलत राहते, आणि तार व घोडी यांच्यामध्ये ठेवलेल्या सुती दोऱ्याची जागा केसभर सरकवली की सगळा झंकार पालटतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथले कारागीर जवारी काढताना, म्हणजे घोडीचा माथा घासून तो झंकार जुळवताना, जे कानाने साधतात, ती अरेषीय कंपनांचीच मशागत आहे. अरेषीयता हा निसर्गाचा अपवाद नाही, रेषीय गणित ही आपली सोय आहे. विद्यार्थ्याला हे उलटे शिकवले जाते, ही खरी अडचण.

शेवटचा आक्षेप शिक्षकांचा. अभ्यासक्रम आधीच फुगलेला, त्यात ही रुक्ष बीजगणिताची रास मुले पाठ करतील आणि विसरतील. तशीच शिकवली तर होईलही तसे. म्हणून मागणी नव्या विषयाची नाही. कंपनांच्या चालू विषयातच तीन नमुने पुरेत: लंबक, डफिंगची ताठ होत जाणारी रचना, आणि टोकाकडून ताणली जाणारी केबल. प्रत्येकाचा पहिल्या दुरुस्तीपर्यंतचा हिशेब हाताने, लगेच तोच प्रश्न संगणकावर, आणि मग दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून ती कुठे फारकत घेतात त्याचा शोध. परीक्षेत ‘सूत्र सिद्ध करा’ ऐवजी ‘हे सूत्र कोणत्या कोनाला पाच टक्क्यांहून जास्त चुकते आणि का’ असे विचारले तर पाठांतराला जागाच राहत नाही. हेच पुलांच्या आराखड्यांच्या तपासणीलाही लावावे. सॉफ्टवेअरच्या जाडजूड अहवालासोबत दोन पानी हाताचा हिशेब मागावा: केबलींच्या आणि पाटीच्या वारंवारता एकास एक आणि एकास दोन या प्रमाणांजवळ कुठे येतात, कंपन जिरवण्याची किमान क्षमता किती हवी, आणि ती नसेल तर झोका कुठवर जाईल. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात तर ही मागणी आणखी रास्त आहे. अशी यंत्रणा झालेल्या घटनांच्या नोंदींवर शिकते, आणि उंबरठा ओलांडल्याच्या नोंदी सुदैवाने फार थोड्या असतात. आराखड्यावर सही माणसाची असते, जबाबदारीही त्याचीच. त्या सहीमागे निदान एवढी खात्री असावी की यंत्राने दिलेले उत्तर अर्धे आहे का, हे सही करणाऱ्याला तपासता येते.